माझ्या आवाजातली तिसरी हाक

थप्पी पडली तेव्हा माझ्या तोंडात मिश्री होती.

आधी लाकूड मोडल्यासारखा एक आवाज आला, मग पोत्यांवर पोती आदळल्याचा. शंभर-शंभर किलोची गव्हाची पोती, माणसाच्या दुप्पट उंचीची थप्पी. मी बसले होते ती फरशी हादरली. धुळीचा लोट दारापर्यंत आला आणि माझ्या अंगावरून बाहेर गेला. आत ती पोरगी होती. थप्पीच्या पलीकडच्या बोळात, वही घेऊन. तिला आत जाताना मी बघितलं होतं.

मी उठले नाही. ओरडलेही नाही. बोट दातांवर तसंच ठेवून बसून राहिले, आणि मनात पहिलं जे आलं ते हे — आता रिपोर्ट लिहायला कुणी उरलं नाही.

हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली. तुमच्या या पानावर लोक अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी असलं लिहितात. माझा त्यावर कधी विश्वास नव्हता, आजही नाही. माझी गोष्ट दुपारी एक वाजताची आहे, लख्ख उन्हातली. चौथी शिकले आहे, त्यामुळे हे मीच लिहिलं. नातसुनेनं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सुधारलं. वाचल्यावर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. बरोबरच आहे तिचं.

ऐंशीच्या आसपासचं साल, मे महिना. एका ग्राहक भांडाराचं दुकान कोल्हापुरात राजारामपुरीत होतं आणि गोडाऊन बाहेर, गडमुडशिंगीच्या रस्त्याला. मी मुडशिंगीची, चालत जायची. आम्ही आठ बायका धान्य निवडायचो. चाळायचं, खडे काढायचे, पिशव्या भरायच्या, त्या दुकानात जायच्या. पोती उचलायला हमाल होते. त्यांचा मुकादम बाबालाल, शिवाजी पेठेतला, मला हौसाक्का म्हणायचा.

त्या मेमध्ये मॅनेजरनं एक मुलगी आणून उभी केली. मृदुला, पुण्याच्या मॅनेजमेंट कॉलेजची. दोन महिने ट्रेनी म्हणून राहणार, माल कुठून येतो, कुठं अडकतो, दुकानात कसा पोचतो ते बघणार आणि रिपोर्ट देणार. तेवीस-चोवीसची असेल. हातात सतत वही. आम्ही तिचं नाव फाईलबाई ठेवलं. तोंडावर मी तिला कोणत्याच नावानं हाक मारली नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "मावशी, इथल्या कामाच्या काही पद्धती असतील ना? सांगा, मी लिहून घेते."

मी तोंड सरळ ठेवून सांगितलं, "एक हाय. गोडाऊनात कुणी हाक मारली तर लगीच ओ द्यायचं न्हाय. तिसऱ्या हाकंला द्यायचं."

"का?"

"पैल्या दोन कुणाच्या असत्यात सांगता येत न्हाय की."

तिनं ते लिहून घेतलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ती हाकेची गोष्ट आमच्याकडे रानात जाणाऱ्याला सांगतात, गोडाऊनाचा तिच्याशी काही संबंध नाही. मग आमचा खेळच झाला. ती आत असली की दोनदा हाक मारायची आणि गप्प बसायचं. ती पोत्यांआड वाट बघत उभी राहायची. तिसरी हाक आम्ही कधीच मारायचो नाही. एकदा मॅनेजरनं बोलावलं तर त्यालाही तिनं ओ दिली नाही, आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. तेव्हा तिला कळलं. पण तिनं आमचं नाव सांगितलं नाही. नुसती हसली. मला त्याचाही राग आला.

राग येण्यासारखं एक झालंच होतं. सूप घेऊन बसले होते, तेव्हा ती शेजारी बसून म्हणाली, "मुंबईत आता निवडून पिशवीत भरलेलं धान्यच येतं, मावशी. इथं इतके हात लागतात, इतके दिवस जातात… रिपोर्टमध्ये मी तेच मांडणार आहे."

"मग आमी काय करायचं?"

ती गडबडली. "तुमचं बघतीलच ना काहीतरी."

घरात नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरं शाळेत. आठ बायकांच्या आठ तऱ्हा, पण चूल सगळ्यांची त्या सुपावर. बघतीलच काहीतरी म्हणजे काय ते मला कळत होतं.

त्या दिवशी सकाळी तिनं हमालांना जुनी पोती काढायला लावली. जुना माल पुढं गेला पाहिजे, म्हणाली, मागं राहतो आणि किडतो. ते खरंच होतं. पण जुनी पोती खालच्या थरात, बोळाच्या बाजूला. हमालांनी कुरकुरत चार-पाच ओढली आणि तेवढ्यात ट्रक आला, म्हणून काम तसंच राहिलं. दुपारपर्यंत थप्पीनं पोट काढलं, मधली पोती बोळाकडे झुकली. बाबालालनं ते बघितलं. बाजूच्या दाराकडे, ट्रकजवळ जेवायला जाताना तो मला म्हणाला, "हौसाक्का, त्या पोरीला सांग, बोळात जाऊ नगं म्हनावं. भाकरी खाऊन आलो की समदी उतरवून पुन्हा लावतो."

मी मान हलवली.

बाकीच्या बायका मागं नळाकडे जेवायला गेल्या. मी पुढच्या दारात बसून मिश्री लावत होते. तेवढ्यात ती आली. "मावशी, जेवला नाहीत? मी जरा आतले नंबर लिहून येते." आणि माझ्या बाजूनं आत गेली.

मिश्री थुंकून चार शब्द बोलायला कितीसा वेळ लागतो? मी थुंकले नाही. तोंड भरलंय, असं मनाला सांगितलं. तिचा पाय वाजत बोळात गेला तो मी ऐकला. आणि मनात म्हटलं, पडली तर पडू दे. हेच शब्द होते. त्यात बदल करून लिहिणार नाही.

मग थप्पी पडली, ते वर लिहिलं आहे.

धूळ बसत होती आणि माझ्या उजव्या हाताला, बाहेरून, गोडाऊनाला वळसा घालून ती आली. केस धुळीनं पांढरे, वही छातीशी.

"आले हो मावशी," ती म्हणाली. "काय झालं? कशाला बोला…" आणि तिनं दारातून आत बघितलं. ती तिथंच खाली बसली.

तिच्यामागं बाबालाल पळत आला. हातात भाकरीचा तुकडा तसाच. आत बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मला म्हणाला, "बरं वराडलीस बाई. येळंवर वराडलीस."

मी मिश्री थुंकले. "कोण वराडलं?"

"तू की. तीन डाव. मृदुला, भाईर ये. पार ट्रकापतूर आलं ऐकू."

पोरगी खाली बसूनच बोलली. "दोनदा ऐकलं तेव्हा वाटलं, नेहमीची चेष्टा. उभी राहिले. मग तिसरी हाक आली. तुम्ही तिसरी कधी मारत नाही ना… म्हणून ओ दिली. बाजूचं दार जवळ होतं, तिथनं बाहेर पडले आणि मागं आवाज झाला." मग माझा हात धरून म्हणाली, "नावानं पहिल्यांदाच हाक मारलीत."

मी तोंड उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर काळी लाळ लुगड्यावर सांडली असती. लुगडं कोरडं होतं, मी बघितलं. बाजूच्या दाराशी बसलेल्या बाबालालनं ऐकलं, बोळात असलेल्या पोरीनं ऐकलं. दोघांनीही सांगितलं, पुढच्या दारातून, हौसाबाईचाच आवाज. पुढच्या दारात मी होते. मी काही ऐकलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं, मी नाही म्हणून. पण मग बाबालालनं विचारलं असतं, तुला सांगितलं होतं, तरी का नाही? मी म्हटलं, "व्हय. थप्पी हलताना दिसली."

मॅनेजरनं दुकानात बोलावून सगळ्यांसमोर शाल आणि नारळ दिला. मी दोन्ही हातांनी घेतला. पोरगी पाया पडली, तेव्हाही मागं सरले नाही. पुढं तिनं रिपोर्ट दिला. त्यातलं एक वाक्य मॅनेजरनं आम्हाला वाचून दाखवलं. निवडणाऱ्या बायकांना कमी करू नये, गोडाऊनमध्ये काय चाललं आहे यावर त्यांचं लक्ष असतं.

लक्ष होतंच माझं.

आठही बायका कामावर राहिल्या. मी आणखी अकरा वर्षं तिथं निवडलं. मृदुलानं दोन दिवाळ्यांना पत्र पाठवलं, मी उत्तर दिलं नाही. शाल ट्रंकेत आहे, एकदाही अंगावर घेतली नाही.

बाबालाल आजारी पडला तेव्हा मी पेठेत त्याच्या घरी गेले. त्याला विचारलं, त्या दिवशी नक्की काय ऐकलंस?

"पुन्हा तेच काय इचारतीस? तुझा आवाज मला कळत न्हाय व्हय? पंधरा वर्षं शिव्या खाल्ल्यात तुझ्या."

"दुसऱ्या कुणाचा नसंल?"

"तुझाच," तो म्हणाला. "फक्त एक होतं. घाबरलेला होता. तू तशी कधी घाबरत न्हाईस."

त्यालाही मी खरं सांगितलं नाही. तो आता नाही. नातसून म्हणते, घाबरून तुम्ही ओरडला असाल आणि विसरला असाल. मी घाबरले नव्हते. तीच तर लाज आहे. तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही.

त्या दुपारी पंचवीस-तीस पोती फुटली. गहू पार रस्त्यापर्यंत आला होता, आम्ही बायकांनी तो चार दिवस वेचला. माणूस कुणी गेलं नाही. मृदुला जगली.