पुराची रेघ

धरणातून पाणी सोडलं की आमच्या खालच्या आळीत गंगा शिरते. सायखेड्याच्या अलीकडचं आमचं गाव. इथे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. गावाच्या आपत्ती समितीत मी निवृत्त शिक्षिका म्हणून होते, म्हणजे कामं माझ्याच गळ्यात. मागच्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे प्रत्येक घरात लाल रेघ मारायची, म्हणजे नव्या माणसालाही सामान कुठवर उचलायचं ते कळेल, एवढंच ठरलं होतं.

रंगाचा डबा घेऊन मी दारोदार फिरले. एका शेजाऱ्याने उंबऱ्यातच अडवलं. "बाई, ही रेघ पाहून पोराला पोरगी कोन देईल? पावने दारातूनच माघारी जातील."

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. जीव मोठा की सोयरीक, वगैरे. त्याने निमूट रेघ मारू दिली. घसा कोरडा करून करून अख्खी आळी पुरी केली, तोवर मी पार दमले होते. माझ्या घरातली रेघ माझ्या कपाळाशी आली.

हिवाळ्यात माझ्याच मुलाला स्थळ आलं. मुलगा ओझरला कारखान्यात, मुलगी मनमाडची, नर्सिंग झालेली. तिच्याकडचे घर बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी रेघेवर पांढरा रंग दिला. दोन हात दिले. कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांत सगळ्या आळीने आपापल्या रेघा पुसल्या. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, त्याचीच जास्त लाज वाटली.

लग्न झालं. सुनेला आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं. राहून कसलं गेलं, टाळलंच मी.

पावसाळ्यात भोंगा वाजला तेव्हा मी लोकांच्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत हलवत होते. मुलगा कामावर. सून एकटीने घर आवरून मागाहून आली. पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. तिने आपली प्रमाणपत्रं कपाटात छातीइतक्या उंचीवर ठेवली होती. त्यांचा लगदा झाला होता. पुढच्या आठवड्यात तिची दवाखान्यात मुलाखत होती.

"आई, याआधी कुठवर आलं होतं पाणी?"

मी भिंतीवर हात ठेवून दाखवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसून एकेक कागद सोडवू लागली. मला तिच्याशेजारी बसवेना.