पडल्याची जागा

माणसं घरात नेमकी कुठं पडतात, यावर माझं पोट चालतं. नगरला खिडकीशी टेबल लावून मी अमेरिकेतल्या दवाखान्यांचे रिपोर्ट वाचते आणि प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड लावते. दुखापत असेल तर ती कुठं झाली, त्यालाही कोड असतो. स्वयंपाकघर वेगळं, बाथरूम वेगळी, गॅरेज वेगळं, घरामागचा पोहण्याचा तलावसुद्धा वेगळा. डॉक्टरनं लिहिलंय तेवढंच धरायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. माझ्यासारख्या चोंबडीला तो फार जड जातो.

आईला हे काम समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिकडची मान्सं लईच पडत्यात म्हनायची."

आई मिरजगावजवळ आमच्या वस्तीवर एकटी राहते. तूर, ज्वारी आणि शेळ्या एवढा तिचा संसार. दिवाळीच्या आधी पुण्याहून येऊन दादानं तिला नवी बाथरूम बांधून दिली. फरशी त्यानं स्वतः दुकानं पालथी घालून निवडली, मोरपंखी आणि गुळगुळीत. आई ती येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून दाखवायची.

थंडीत एकदा शेजारच्या चुलतीचा फोन आला. आई पडली होती आणि मनगट मोडलं होतं. मी दवाखान्यात पोचले तोवर प्लास्टर झालं होतं.

"बांधावरनं पाय घसारला," आईनं सांगितलं. डॉक्टरांनाही तिनं तेच सांगितलं होतं.

मी मान डोलावली, पण माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. एक टाच वजरीनं घासून लालबुंद झालेली, दुसरीच्या भेगांत काळी माती तशीच. वजरी घेऊन बांधावर कुणी बसत नाही. घरी आल्यावर मी तिला सरळ विचारलं.

"व्हय, बाथरूमातच पडले," ती म्हणाली. "पाय घाशीत हुते. पानी घ्यायला उठले आन गेले. पर त्याला सांगू नको. लई हौसेनं बसवल्यात त्यानं फरश्या. आपल्यापाई आयचा हात मोडला म्हनून जल्मभर झुरत बसंल. माझी शपत हाय तुला."

शपथच घातल्यावर मी काय बोलणार?

रविवारी दादा आला तो सगळं ठरवूनच. शेत चुलत्यांना वाट्यानं द्यायचं, शेळ्या विकायच्या आणि आईनं कायमचं पुण्याला यायचं. "या वयात बांधावरून हिंडायची गरजच काय तुला?" तो म्हणाला. त्याचं काही चूक नव्हतं. आई बांधावर पडली असं ऐकल्यावर कुठलाही मुलगा हेच म्हणेल.

आई फक्त "बरं" म्हणाली. मग अंगणात जाऊन चांगल्या हातानं शेळीची मान खाजवत बसली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये चार दिवस काढले की तिचं जेवण कमी होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मला दोघांचाही संताप आला होता. बिचारा बांध फुकट बदनाम झाला होता आणि फरशी नामानिराळी. एका वाक्यात तिची वस्ती वाचली असती, आणि ते वाक्य तिनंच माझ्या तोंडात कोंडून ठेवलं होतं. तिची पिशवी भरताना मला रडू यायला लागलं, ते मी कपड्यांच्या घड्या घालत दाबलं.

निघायच्या आधी आंघोळ करून घेतो, म्हणून दादा टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमकडं गेला. त्यानं दार उघडलं आणि अंगणातून आईचा आवाज आला.

"आरं, नळाकडच्या फरशीवर पाय देऊ नको. भितीला धरून जा. लई घसारतंय तिथं."

दादा दारातच थांबला. त्यानं खाली फरशीकडं पाहिलं, मग अंगणात बसलेल्या आईच्या प्लास्टरकडं. आईनं मान शेळीकडं वळवली. मी शपथ मोडली नव्हती, त्यामुळं त्यानं माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी नजर चुकवली नाही.

"आई, कुठं पडलीस तू?" त्यानं विचारलं.

"पडले कुटंतरी," ती म्हणाली. "तू आदी मागं सरक."

दादा तिथंच उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी आंघोळ राहिलीच. भरलेली पिशवी मी परत रिकामी केली.

पुढच्या रविवारी गवंड्याबरोबर दादानं स्वतः घण घेतला. आता तिथं खरबरीत शहाबादी फरशी आहे आणि नळाशेजारी धरायला लोखंडी दांडा. शेळ्या जागेवर आहेत आणि आईही. खोक्यात उरलेली एक मोरपंखी फरशी मात्र तिनं टाकू दिली नाही. ती पुसून तिनं देवळीत उभी करून ठेवली आहे, आणि कुणी आलं की अजून दाखवते, "ही माझ्या पोरानं निवडल्याली."