फिंच बघायला गेलेले तीन संशयित

पक्षी बघणाऱ्यांकडे पक्ष्यांपेक्षा माणसांचेच किस्से जास्त साठतात. निदान आमच्याकडे तरी! अमेरिकेत, पार्सिपनीत आम्ही तिघं: मी पुण्याचा, सतीश नागपूरचा, दोघंही आयटीवाले, आणि मुलीकडे राहायला आलेल्या शैलामावशी, बायॉलॉजीच्या रिटायर्ड टीचर. हिवाळ्यात उत्तरेकडून फिंच येतात, साधारण चिमणीएवढे. शनिवारी सकाळी आम्ही ते बघायला पार्कात जायचो. आणि लोक आमच्याकडे बघायचे!

९/११ नंतरच्या, २००२ च्या हिवाळ्यात तर फारच. सतीश सावळा, दाढीवाला, हातात दुर्बीण, आणि समोर गावाची पाण्याची टाकी! कुणीतरी फोन केला असणार. पोलिसाची गाडी आली.

"कुणावर नजर ठेवताय?"

सतीशला डोळ्यांसमोर व्हिसा जाताना दिसला. "रेडपोल, सर."

"कोण आहे हा रेडपोल?"

मावशींनी शांतपणे दुर्बीण त्याच्या हातात दिली. "त्या झाडावर. लाल टोपीवाला."

तो बघतच राहिला. तेवढ्यात खांद्यावरचा रेडिओ खरखरला, "किती जण आहेत?"

दुर्बीण खाली न करता तो म्हणाला, "सहा. नाही, सात. एक आत्ताच फांदीमागून आला!"

*

सतीशच्या बायकोला, माधुरीला, वेगळाच डाऊट. तिनं त्याला माझ्याशी फोनवर बोलताना ऐकलं होतं: "आज आली होती? एकटीच? छे यार, मी मिस केली!"

पुढच्या शनिवारी ती गुपचूप मागून आली. बघते तर नवरा पाइनखाली बर्फात पालथा पडून दुर्बिणीतून एका फिंचच्या मादीकडे बघतोय, आणि मावशी व मी श्वास रोखून उभे.

माधुरी मटकन बाकावर बसली. "मावशी, दुसरी बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं हो!"

*

आमचा आपसातही विश्वास नव्हता. सतीशला दुर्मिळ पक्षी दिसायचे ते नेमके एकटा असताना. एकदा म्हणाला, क्रॉसबिल दिसला. याच्या चोचीची टोकं कात्रीसारखी एकमेकांवरून गेलेली असतात.

मावशींनी उलटतपासणी घेतली. "वरची चोच कुठल्या बाजूला वळली होती?"

"मावशी, तो उलटा लटकला होता!"

"मग उलट करून सांग."

*

आणि तो म्हातारा. दर शनिवारी त्याच बाकावर, जाड चष्मा, मांडीवर डायरी. आम्ही वर बघितलं की हा लिहायचा. आम्ही हललो की पुन्हा लिहायचा. सतीश म्हणाला, "यार, हा आपला रिपोर्ट देतोय. पार्क बदलू." खरं सांगतो, मलाही धाकधूक होती.

चौथ्या शनिवारी मावशी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आमच्याबद्दल काय लिहिता?"

तो गडबडला. मग त्यानं डायरीच पुढे केली. जाड मार्करनं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आठ दहा. बाई स्प्रूसच्या झाडाकडे बोट दाखवतायत. बहुतेक सिस्किन. आठ पंचवीस. दाढीवाला दचकला. ग्रोसबीक?'

"दोन वर्षं झाली, पक्षी दिसत नाहीत मला," तो म्हणाला. "माणसं दिसतात."

मावशी बाकावरचा बर्फ हातानं झटकून त्याच्या शेजारी बसल्या.

"आठ पंचवीसला ग्रोसबीक नव्हता," त्या म्हणाल्या. "पर्पल फिंच होता. खोडा ते."