मी जिना उतरताना वाजलेलं संगीत

टीव्हीवर भीतीदायक काही वाजलं की मी आधी संशय घेतो, समोर खरंच काही घडलंय का? माझ्यावर वाजून गेलंय ना!

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि लोकल चॅनेलांचं पेव फुटलं होतं. मी जमिनीच्या कचेरीत बाबू. नव्या राजधानीच्या जमिनींत गडबड झाल्याची बोंब होती. एका संध्याकाळी बातम्यांत आमच्या कचेरीचा जिना दिसला, आणि त्यावरून उतरणारा मी. नाव नाही, आरोप नाही. मी मागं वळून पाहिलं तिथं मात्र चित्र संथ केलं आणि ढँण्, ढँण्, ढँण्!

आईचे शेंगा सोलणारे हात थांबले. "काही केलं तर नाही नं रे बाप्पा तू?"

"आई, तू मले ओळखत नाही का?"

"पोटचा पोट्टा आहेस माझा. पण मालिकेत ज्याच्यावर असं वाजते, तोच चोर निघते."

डोकंच फिरलं माझं. दुसऱ्या दिवशी चॅनेलच्या ऑफिसात जाऊन भांडलो. शिपायानं वरून "बाबूजी, डब्बा!" अशी हाक मारली, म्हणून मी वळलो. ती हाक कुठं गेली? संपादक चहा पीत म्हणाला, "भैया, म्यूजिक के नीचे दब गई होगी. हमने आपके बारे में कुछ बोला क्या?" बोलले नव्हते, हीच तर बदमाशी!

घरी आलो तर बायको संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून लवकर परतलेली. ती तिथं पोचली तशा बाया गप्प झाल्या. तिळगूळ हातावर ठेवला, पण 'गोड बोला' कोणी म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी तीच बातमी पुन्हा लागली. मी आवाज बंद करून दोघींना समोर बसवलं. एक जाडा माणूस जिना उतरून राहिला, मागं पाहतो. बस!

"आता तर काहीच नाही वाटून राहिलं," आई म्हणाली. हायसं वाटलं मला.

बायकोची नजर पडद्यावरच होती. "पण तुम्ही मागं वळून काहून पाहिलं?"

मी शिपायाच्या हाकेचं, विसरलेल्या डब्याचं सगळं सांगितलं.

"हाक तर काल आवाज चालू होता तेव्हाही ऐकू आली नाही."

मी म्हटलं, "शिपायाले विचार नं, उद्या घरी बोलावतो."

"तो तुमचाच माणूस," ती म्हणाली, आणि कणीक मळायला निघून गेली.