कुलपात अडकलेल्या नक्ष्या आणि यल्लय्या मास्तर

वळसंगहून नोकरीसाठी सोलापुरात आलो, त्या दिवशी चादरीच्या कारखान्यात यल्लय्या मास्तरांनी माझ्यापुढे नक्षी काढलेला ग्राफचा कागद ठेवला आणि म्हणाले, "मोज की." चौकटी मोजता मोजता दुपार झाली. मग मास्तरांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. आज त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि गौरवलेख लिहायला बसलो, तर जीव थाऱ्यावर नाही.

पूर्वी मागाला लावायची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असे. कारखान्यात संगणक आला, तेव्हा साठीला टेकलेले मास्तर माऊस धरायला शिकले. आयुष्यभराच्या नक्ष्या त्यांनी संगणकात उतरवल्या आणि आम्ही पुठ्ठे रद्दीत घातले. काय अवदसा आठवली! सहा वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. जुन्या फायली तिच्यात गेल्या आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या परवानगीशिवाय उघडेनात. पुढे ती कंपनीच बंद पडली. संगणक आमचा, नक्ष्या मास्तरांच्या, आणि आम्ही दाराबाहेर!

मास्तरांच्या नक्ष्या लोकांनी काय कमी चोरल्या होत्या? त्यामुळे कुलपाला त्यांचा विरोध नव्हता. "चोरासाठी कुलूप लाव की, लई चांगलं," ते म्हणाले. "पर घरधन्याला किल्ली नको व्हय?"

मग ते जुळे सोलापूर या वस्तीत दारोदार फिरून आपल्याच जुन्या चादरी मागू लागले. जुनी द्या, नवी घ्या. एका बाईंनी त्यांना भंगारवाले समजून फुटकी बादली आणून दिली! मास्तर पोटभर हसले आणि पुन्हा चादरच मागितली. आजही ते भिंग लावून धागे मोजतात आणि एकेक नक्षी कागदावर उतरवतात. डोळ्यांतून पाणी गळतं, ते पुसून पुन्हा मोजतात. मला बघवत नाही.

नव्या आवृत्तीला होकार कुणी दिला, असं कारखान्यात सगळे विचारत. मास्तर सांगत, "माझाच हात लागला." लोक त्यांच्या वयाला हसले.

हात माझा होता. एक ओळ न वाचता, मोठा शहाणा असल्यासारखं मी 'मान्य' दाबलं. फायलींची वेगळी प्रतही ठेवली नाही. मास्तर मागेच उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं होतं. तरी सहा वर्षे मी तोंड उघडलं नाही आणि माझी चूक ते स्वतःच्या नावावर वागवत राहिले.

आज सर्वांसमक्ष ती माझ्या नावावर घेतो. मास्तर, आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आपली नजर शाबूत राहो. उरलेल्या चादरींचे धागे उद्यापासून मी मोजीन. आणि आता तरी, मास्तर, मला एकदा रागवा.