फ्लेक्सवरचा मी

दहावीत माझ्या वाढदिवसाला नगरसेवक असलेल्या थोरल्या काकांनी घोडबंदर रोडवर, आमच्या शाळेच्या गेटसमोर, माझा फ्लेक्स लावला. फोटोत माझ्या अंगावर कुठलातरी कोट चढवलेला, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात जाड साखळी. खाली लिहिलेलं, 'युवा नेतृत्व'. मी तोवर वर्गाचा मॉनिटरही झालेलो नव्हतो. मधल्या सुट्टीत कंपाउंडजवळ उभं राहून पक्षी बघणारा मुलगा होतो मी.

काकांनी आमची शेती बिल्डरला विकली, तिथे आता टॉवर आहेत आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यांत राहायची. घरी आल्या आल्या म्हटलं, "काका, काढा ना तो."

"अरं, लाजतंस काय? आख्ख्या रोडला कलला पायजे, आपला पोर सोला वर्सांचा झाला!"

त्यांना मनापासून आनंद झालेला.

फ्लेक्स उतरला, पण वर्गात मी 'भाई' झालो. कॅन्टीनच्या रांगेत मुलं बाजूला सरकायची. नको म्हटलं की जास्तच हसायची.

मग वादविवाद स्पर्धा आली. रस्ता रुंद करायला झाडं तोडावीत का? तोडू नयेत, असं बोलायचं मी ठरवलेलं. नावं घेताना बाई म्हणाल्या, "तू तोडावीत या बाजूने बोल. तुझे काकाच रस्ता रुंद करायच्या मागे आहेत, तुमच्या घरचाच विषय आहे."

"बाई, मला दुसऱ्या बाजूने…"

"अरे, तिकडे आधीच खूप जण आहेत."

मी बोललो. आवाज चढवत, हात उगारत, हुबेहूब काकांसारखा. पहिला आलो. काकांनी सगळ्या नातेवाइकांकडे पेढे पाठवले.

दुसऱ्या दिवशी गाडीत, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना, पप्पांना म्हणालो, "मी जे बोललो ते मला पटत नव्हतं."

ते समोर बघत म्हणाले, "मना पन जमीन इकाची नव्हती."

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला, त्यांनी गाडी पुढे घेतली.

आता मी काकांच्या ऑफिसात बसतो. लोक मला दादा म्हणतात, माझं मत विचारतात. मी काय बोलणार ते त्यांना आधीच माहीत असतं, आणि मी तेच बोलतो.