शेळ्या माझ्या, मदत त्याची

टाळेबंदीत बाजार बंद पडले तेव्हा शेळ्या पाळणाऱ्यांसाठी सरकारी मदत आली. माझ्या वाट्याची मदत, ज्याच्या गोठ्यात मी भाड्याने शेळ्या ठेवायचो, त्या जागामालक दत्तूशेठने खाल्ली.

आज बाजारात दोन अनोळखी माणसं उपरण्याखाली हात घालून बोकडाचा भाव ठरवत होती. तोंडातून शब्द नाही, नुसती बोटं बोलत होती. मी बघत राहिलो. असे सौदे मी जन्मभर केले, भांडून, शिव्या घालून केले. पण उपरण्याखाली दाबलेलं बोट नंतर कुणी नाकारलेलं पाहिलं नाही.

त्या मदतीसाठी शेळ्यांच्या पाहणीला सरकारी साहेब आले होते, तेव्हा मात्र सगळं उघड्यावर होतं. दत्तूशेठ हसत म्हणाला, "गोठा माझा, मग शेळ्या काय शेजाऱ्याच्या?" मी तोंड उघडणार, तोच साहेब म्हणाले, "मामा, बाजूला व्हा, फोटोत येताय."

पुढे चाऱ्यासाठी मी गाभण शेळ्याही विकल्या.

त्या दोघांनी हात बाहेर काढले आणि ते चहाला गेले. माझ्या अंगात आता भांडायचंही त्राण नाही. तरी विचारतो, साहेब: कुणाच्या हाकेला शेळ्या धावत येतात, एवढं तरी का पाहिलं नाहीत? उत्तर द्या.